दुखणे थांबले, खडा कुठे गेला?

वऱ्हाडात चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले, की घरोघरी एका आजाराची चर्चा हमखास ऐकू येते. पाठीच्या एका बाजूने उठणारी, पोटातून जांघेकडे उतरणारी आणि माणसाला एका जागी बसू न देणारी ती कळ ज्याने एकदा अनुभवली, तो ती जन्मभर विसरत नाही. मुतखडा हे तिचे आपल्या घरातले नाव. मग कुळथाचे कढण शिजते, पानफुटीची पाने आणली जातात, सातूचे पाणी सुरू होते. कुणी डॉक्टरांकडून वेदनाशामक इंजेक्शन घेऊन येतो. दोन-तीन दिवसांत दुखणे ओसरते, माणूस पुन्हा दुकानाच्या गादीवर जाऊन बसतो, आणि ‘खडा विरघळला’ किंवा ‘पडून गेला असेल’ असे म्हणून विषय मिटतो.

या लेखाचे प्रयोजन त्या ‘असेल’ या शब्दात आहे. पुष्कळ वेळा खडा खरोखरच पडून गेलेला असतो. परंतु काही वेळा तो तिथेच, मूत्रवाहिनीत अडकून बसलेला असतो. वेदना मात्र थांबलेली असते. या दोन अवस्थांतला फरक रुग्णाला स्वतःला कळत नाही. तो सोनोग्राफीत कळतो.

वेदना का थांबते, हे आधी पाहू. मूत्रपिंडातून निघालेली मूत्रवाहिनी ही सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची, अतिशय अरुंद नळी. खडा तिच्यात अडकला, की वर तयार होणारे मूत्र खाली उतरू शकत नाही. मूत्रपिंडातील पोकळीवर ताण येतो, वेष्टण ताणले जाते आणि कळ उठते. परंतु हा अडथळा कायम राहिला, तर काही काळाने त्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा शरीर आपोआप कमी करते. रक्त कमी, म्हणून मूत्र कमी. मूत्र कमी, म्हणून ताण कमी. आणि ताण कमी, म्हणून दुखणेही कमी. अडथळा न हटताही आलेल्या या शांततेला रुग्ण बरे होणे समजतो. पूर्ण अडथळा साधारण दोन आठवड्यांत दूर झाला, तर मूत्रपिंड बहुतांशी सावरते. तो सहा आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्या मूत्रपिंडाकडून फारशी आशा उरत नाही. अर्धवट अडथळ्यात हेच नुकसान महिनोन्महिने, सावकाश होत राहते.

येथे कुणी म्हणेल, की नुकसान होत असेल तर रक्ताच्या तपासणीत ते दिसेलच. दुर्दैवाने तसे होत नाही. निसर्गाने आपल्याला दोन मूत्रपिंडे दिली आहेत आणि एक निरोगी असेल, तर ते दोघांचे काम सांभाळून घेते. म्हणून एका बाजूचे मूत्रपिंड निकामी होत असतानाही रक्तातील क्रिएटिनीन पुष्कळदा सामान्य मर्यादेतच असते. व्यापारी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही: दोन पेढ्यांपैकी एक तोट्यात आणि दुसरी नफ्यात असेल, तर एकत्रित ताळेबंद पाहून पहिलीचा तोटा लक्षात येत नाही. दोन्ही पेढ्यांच्या वह्या वेगवेगळ्या उघडाव्या लागतात. सोनोग्राफी या वह्या वेगवेगळ्या उघडते.

तपासणीचे तत्त्व साधे आहे. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या, सेकंदाला काही दशलक्ष कंपनांच्या ध्वनिलहरी प्रोब नावाच्या हातात मावणाऱ्या उपकरणातून शरीरात सोडल्या जातात. वेगवेगळ्या ऊतींवरून त्यांचे प्रतिध्वनी परत येतात आणि त्यांवरून यंत्र पडद्यावर चित्र उभे करते. ज्या स्फटिकांमुळे हे शक्य झाले, त्यांचा गुणधर्म क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटाच्या तपासणीसाठी या लहरी वापरून दाखवल्या आणि १९६१ मध्ये मूत्रपिंडातील खडा शोधण्यासाठी त्यांचा उपयोग झाल्याचे प्रसिद्ध झाले. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, कोणताही छेद नाही. त्वचेवर लावतात ते जेल केवळ प्रोब आणि त्वचा यांमधली हवा काढून टाकण्यासाठी असते, कारण हवेतून या लहरी पुढे जात नाहीत. आतड्यातील वायू या तपासणीचा शत्रू का ठरतो, हेही यावरून लक्षात येईल.

पडद्यावर मूत्र काळे दिसते. खडा पांढरा, चकाकता ठिपका होऊन दिसतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते, कारण लहरी त्याला भेदून जाऊ शकत नाहीत. मूत्रपिंडाच्या मध्यभागी, जिथे एरवी पोकळी जवळजवळ मिटलेली असते, तिथे काळा भाग पसरलेला दिसला, तर मूत्र तुंबले आहे असे समजावे. अहवालात याला ‘हायड्रोनेफ्रोसिस’ म्हणतात आणि त्याची सौम्य, मध्यम, तीव्र अशी श्रेणी लिहितात. आपल्याकडे सोनोग्राफीचा अहवाल हाती पडताच पहिला प्रश्न असतो, ‘किती एमएमचा आहे?’ प्रश्न गैर नाही. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडतात आणि त्याहून मोठ्यांची तशी शक्यता घटत जाते. परंतु खड्याच्या आकाराहून हायड्रोनेफ्रोसिसची ओळ अधिक मोलाची आहे. मूत्रपिंडाच्या एखाद्या कप्प्यात शांत पडून राहिलेला सात मिलिमीटरचा खडा काही काळ नुसता लक्षात ठेवला तरी चालतो. मूत्रवाहिनीत अडकून वरचे मूत्रपिंड फुगवणारा चार मिलिमीटरचा खडा मात्र थांबू देत नाही. त्यातच ताप आणि थंडी वाजून आली, तर ती रात्रीतून रुग्णालय गाठण्याची वेळ असते, कारण तुंबलेल्या मूत्रातला जंतुसंसर्ग रक्तात पसरण्यास वेळ लागत नाही.

अहवालातील आणखी दोन गोष्टी वाचायला शिकाव्यात. पहिली, मूत्रपिंडांची लांबी. प्रौढ व्यक्तीत ती साधारण ९ ते १२ सेंटीमीटर असते आणि दोन्ही बाजूंत फारसा फरक नसतो. एक बाजू ठळकपणे लहान असेल, तर त्या बाजूने पूर्वी कधीतरी काही सोसले आहे, हे उघड होते. दुसरी गोष्ट म्हणजे मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराची चमक. निरोगी मूत्रपिंडाचा हा थर शेजारच्या यकृताइतका किंवा त्याहून गडद दिसतो. तो यकृतापेक्षा उजळ दिसू लागला आणि बाहेरचा थर व आतला गाभा यांतली सीमारेषा पुसट झाली, तर ते जुनाट मूत्रपिंडविकाराचे लक्षण असू शकते. ‘कॉर्टिको-मेड्युलरी डिफरन्शिएशन’ हे अहवालातील लांबलचक शब्द याच सीमारेषेविषयी असतात. ते कायम आहे असे लिहिले असेल तर समाधान मानावे. कमी झाले आहे असे असेल, तर खड्याची चर्चा बाजूला ठेवून मूत्रपिंडविकारतज्ज्ञांची वेळ घ्यावी.

सोनोग्राफीला सर्व काही दिसते असे मात्र नाही. मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यांच्या मागे दडलेला असतो आणि तेथील लहान खडा पुष्कळदा निसटतो. शरीर स्थूल असेल तर चित्र धूसर येते. अशा वेळी डॉक्टर सीटी स्कॅन सुचवतात आणि तो सुचवला म्हणजे खर्च वाढवण्याचा डाव आहे, असा ग्रह करून घेऊ नये. तथापि पहिली पायरी म्हणून सोनोग्राफी पुरेशी सुरक्षित आहे, याला चांगला आधार आहे. अमेरिकेतील १५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत खड्याच्या कळेसाठी आलेल्या २,७५९ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची सुरुवात सोनोग्राफीने झाली, त्यांना किरणोत्सर्ग कमी मिळाला आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण सीटी स्कॅनने सुरुवात झालेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या वाढले नाही. त्यांच्यापैकी काहींना नंतर सीटी स्कॅन करावा लागला, हेही येथे सांगितले पाहिजे.

सोनोग्राफीला चकवणारा दुसरा एक आजार आहे आणि त्याचा संबंध आपल्या भूमीशी जोडला जातो. अमरावतीच्या पश्चिमेला भातकुलीकडे निघाले, की पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सुरू होतो. भगवान आदिनाथांच्या दर्शनासाठी भातकुलीला जाणाऱ्या यात्रेकरूंना तेथील पाण्याची चव परिचित असेल. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पुढे बुलडाणा जिल्ह्यात संग्रामपूर, शेगावपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे. पिढ्यानपिढ्या विहिरीचे आणि कूपनलिकेचे हेच पाणी प्यायले गेले. शहानूर आणि वान धरणांवरच्या प्रादेशिक योजनांनी पुष्कळ गावांना गोडे पाणी दिले, तरी नळ कोरडा पडला की लोक पुन्हा जुन्या पाण्याकडे वळतात. या गावांत किडनीच्या विकाराने गेलेल्या माणसांची नावे लोक बोटांवर मोजून सांगतात. नेमका दोष एकट्या क्षाराचा, की उष्णता, श्रम, कमी पाणी, वेदनाशामक गोळ्या आणि निदान न झालेला रक्तदाब या सर्वांचा मिळून, याचा निवाडा शास्त्रज्ञांत अजून एकमताने झालेला नाही. आंध्र प्रदेशातील उद्दानम भागात आणि श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातही असेच कोडे पडलेले आहे.

या विकारात दोन्ही मूत्रपिंडे एकाच वेळी, हळूहळू झिजतात. कळ येत नाही, खडा नसतो, मूत्र तुंबत नाही. सुरुवातीच्या काळात सोनोग्राफी अगदी सामान्य असू शकते. म्हणजे एका बाजूचा अडथळा रक्ततपासणी लपवते आणि दोन्ही बाजूंची झीज सोनोग्राफी लपवते. म्हणूनच ‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ म्हणून निर्धास्त होणे जितके चुकीचे, तितकेच ‘क्रिएटिनीन नॉर्मल आहे’ म्हणून सोनोग्राफी टाळणे चुकीचे. लघवीतील प्रथिनांची तपासणी, रक्तातील क्रिएटिनीन आणि सोनोग्राफी अशी तिन्ही मिळूनच चित्र पूर्ण होते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या व्यक्तीने लघवी व रक्ताची तपासणी दर वर्षी करावी. गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक गोळी घेणारी आजी घरात असेल, तर तिचाही यात समावेश करावा. या गोळ्यांची फार मोठी किंमत मूत्रपिंडे मोजतात.

पाण्याविषयी येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्या घरांत पाणी गाळून आणि उकळून पिण्याची परंपरा आहे. जीवदयेच्या दृष्टीने ती आहेच, आणि जंतुसंसर्ग टाळण्याच्या दृष्टीनेही ती उत्तम आहे. परंतु गाळल्याने किंवा उकळल्याने विरघळलेले क्षार जात नाहीत. भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तेवढा चुन्याचा अंश कमी होतो. मीठ पाण्यातच राहते, उलट वाफ गेल्याने किंचित दाट होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल, तर २,००० पर्यंत चालवून घेतले जातात. खारपाणपट्ट्यातल्या कुटुंबांनी आपल्या विहिरीचे पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. क्षार अधिक असतील, तर ते आधी शुद्धीकरण यंत्रातून काढावेत आणि मग पाणी उकळावे. क्रम महत्त्वाचा आहे.

आता आपल्या व्रतांविषयी. चौविहार पाळणाऱ्या व्यक्तीला सूर्यास्तानंतर पाणी नाही आणि सकाळी नवकारसीपर्यंत नाही. अमरावतीत मे महिन्याच्या अखेरीस सूर्य सुमारे पावणेसहाला उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो; नवकारसी धरून पाण्यासाठी बारा तासांहून थोडा अधिक वेळ मिळतो. डिसेंबरात तो दहा तासांवर येतो. खडे होण्याची प्रवृत्ती असलेल्या माणसाला दिवसाकाठी अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी लागते, म्हणजे निदान तीन लिटर, आणि वैशाखातल्या उन्हात त्याहूनही अधिक. गणित सरळ आहे: दिवसाच्या प्रत्येक तासाला एक पेला. हे चौविहारात अशक्य नाही. अशक्य होते ते गादीवर गिऱ्हाईक सोडून न उठण्याच्या सवयीमुळे. आपल्या बाजारपेठांत चांगले स्वच्छतागृह नाही, म्हणून दुकानावर बसणाऱ्या भगिनी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. व्रताला दोष देण्याआधी याचा विचार व्हावा.

ज्यांना खडा आहे, ज्यांचे एकच मूत्रपिंड कार्य करते किंवा ज्यांचे क्रिएटिनीन वाढलेले आहे, त्यांनी पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात निर्जळ उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी आणि गुरुभगवंतांशी दोघांशीही बोलावे. तिविहार उपवासात दिवसा उकळलेले पाणी घेता येते, एवढा बदलही पुष्कळांना पुरतो. तीव्र वेदनेत समाधी टिकावी म्हणून औषधाचा आगार पचक्खाणात पूर्वाचार्यांनीच ठेवलेला आहे. रात्री ताप आणि कळ एकत्र आली असता सकाळची वाट पाहत कण्हत राहणे हे तप नव्हे. आहाराबद्दलही एक गैरसमज दूर व्हावा. खडा चुन्याचा असतो म्हणून अनेक घरांत दूध-दही बंद करतात. इटलीत १२० पुरुषांवर पाच वर्षे चाललेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दूध-दह्यासारखे चुनायुक्त पदार्थ कमी करणाऱ्यांपेक्षा ते नेहमीसारखे घेऊन मीठ व प्राणिज प्रथिने कमी करणाऱ्यांना खडे कमी झाले. दह्याची वाटी राहू द्यावी. पापड-लोणच्यातले मीठ आवरावे.

मूत्रमार्गाच्या खालच्या भागाची गोष्ट वेगळी. पन्नाशीनंतर पुरुषांना रात्री वारंवार उठावे लागते, धार बारीक होते, ते कुणाला सांगत नाहीत. सोनोग्राफीत प्रोस्टेटचा आकार आणि लघवी करून आल्यानंतर मूत्राशयात उरलेले मूत्र मोजता येते. हे उरलेले मूत्र १०० मिलिलिटरहून अधिक असेल, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. या भागाच्या तपासणीसाठी मूत्राशय भरलेले असावे लागते. म्हणून निर्जळ उपवासाच्या दिवशी ही तपासणी ठरवू नये, पारण्यानंतर ठरवावी. लहान मुलांत वारंवार मूत्रसंसर्ग होत असेल, तर जन्मजात अडथळ्याची शंका घेऊन सोनोग्राफी लवकर करावी.

आपल्या समाजात आरोग्य शिबिरांची परंपरा मोठी आहे. नांदगाव पेठेसारख्या ठिकाणी असे शिबिर घ्यायचे, तर त्याला खरेच अर्थ आहे. औद्योगिक वसाहतीतल्या कापड गिरण्यांत दिवसभर घाम गाळणारे कामगार, महामार्गावरचे वाहनचालक, पेठेतले जुने व्यापारी आणि नागपूरकडून अमरावतीकडे विहार करणारे साधू-साध्वी, सारेच कमी पाण्यावर दिवस काढणारे. मात्र सोनोग्राफीचे यंत्र गाडीत घालून गावात नेता येत नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार प्रत्येक यंत्राची व केंद्राची नोंदणी असते आणि फिरत्या यंत्रांवर कडक बंधने आहेत. मुलींच्या जीविताचा प्रश्न असल्याने ही बंधने योग्यच आहेत, आणि अहिंसेला मानणाऱ्या समाजाने तर त्यांचे स्वागतच करावे.

म्हणून शिबिराची रचना दोन टप्प्यांत करावी लागते. गावात रक्तदाब, साखर, लघवीची पट्टी आणि क्रिएटिनीन तपासावे. ज्यांत दोष आढळेल, तसेच ज्यांना गेल्या वर्षभरात कळ येऊन आपोआप थांबली असेल, त्यांची वेगळी यादी करावी. ही दुसरी यादी बहुतेक शिबिरांत कुणी करतच नाही. या सर्वांना संघाने वाहन करून दहा-बारा किलोमीटरवर अमरावतीच्या नोंदणीकृत केंद्रात आणावे. केंद्राशी आधी दर ठरवून घेतला, तर खर्च एका दात्याच्या आवाक्यातला असतो. पुढचे उपचार लागले, तर अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्रपिंडविकारांची सोय आहे, डायलिसिस होते, प्रत्यारोपणही झाले आहे. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खड्याच्या अनेक शस्त्रक्रिया आणि डायलिसिस महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मोडतात. कामगारांची कागदपत्रे भरून देण्यास आपल्यातले दोन तरुण नेमले, तर ते औषधवाटपाहून अधिक उपयोगाचे ठरेल.

कळ थांबल्यानंतर किती दिवसांनी पुन्हा तपासावे, हे डॉक्टर खड्याच्या जागेवरून ठरवतात. साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत पुन्हा सोनोग्राफी करून मूत्रपिंडाची सूज उतरली का, हे पाहतात. लघवी गाळून पडलेला खडा हाती लागला, तर तो डबीत घालून सोबत न्यावा. त्याचे पृथक्करण करून तो कोणत्या जातीचा आहे, हे सांगता येते. आणि जाताना जुना अहवाल अवश्य न्यावा. अनेक घरांत पाच-पाच वर्षांच्या जमाखर्चाच्या वह्या जपून ठेवलेल्या असतात, पण मागच्या वर्षीचा सोनोग्राफीचा कागद मात्र सापडत नाही. डाव्या मूत्रपिंडाची लांबी तेव्हा १०.२ सेंटीमीटर होती आणि आज ८.९ आहे, हे दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय कोणत्याही तज्ज्ञाला दिसणार नाही.